अपादानाकडून संप्रदानाकडे : ‘डिलिव्हर’ ह्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थविचार

इंग्रजी-मराठी कोशांत ‘डिलिव्हर’ ह्या क्रियापदापुढे सामान्यतः ज्या प्रकारचे प्रतिशब्द दिलेले असतात ते असे : सोडवणे, मुक्त करणे, स्वाधीन करणे, पोचता करणे, (भाषण) करणे, (निकाल) देणे, (तडाखा) लगावणे, प्रसूत करणे. ह्यांपैकी एकही प्रतिशब्द चुकीचा नाही. परंतु ही यादी वाचून उठलेल्या विद्यार्थ्याच्या मनात जी स्वाभाविक शंका यावयास हवी, तिचे उत्तर मात्र तीत सापडत नाही. एखाद्यास शत्रूच्या हातून सोडवणे आणि एखाद्यास शत्रूच्या हाती देणे ह्या दोन क्रिया एकमेकींच्या अगदी उलट आहेत; असे असता इंग्रजी भाषेने दोहोंस एकच शब्द का योजावा? ‘अर्थाचा विस्तार होत गेला’ असे म्हणून ह्या शंकेची बोळवण करण्याचा प्रघात आहे. पण विस्तार म्हटला की एका अर्थाच्या शेजारी दुसरा येऊन बसतो, एवढेच त्यातून सूचित होते. येथे घडलेली गोष्ट निराळी आहे. पहिला अर्थ आपल्या जागेवरून उठला आणि क्रियापदाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

हे स्थलांतर समजून घेण्यास आपल्याकडील कारकविचार इंग्रजी व्याकरणातील परिभाषेपेक्षा अधिक उपयोगी पडतो. जेथून वियोग होतो ते अपादान, आणि ज्याच्या उद्देशाने वस्तू दिली जाते ते संप्रदान, हा भेद पाणिनीपासून चालत आलेला आहे. सोडवण्याची क्रिया अपादानाकडे पाहते. कशातून सोडवले हे सांगितल्यावाचून तिचा अर्थ पुरा होत नाही. सुटलेला पुढे कोठे गेला, ही चौकशी ती करीत नाही. देण्याची क्रिया संप्रदानाकडे पाहते. कोणास दिले हे तिला हवे असते. देण्यापूर्वी वस्तू कोठे होती, ह्याच्याशी तिला फारसे कर्तव्य नसते. ‘डिलिव्हर’ हे क्रियापद जन्माने पहिल्या जातीचे असून व्यवहाराने दुसऱ्या जातीत गेले आहे, आणि ह्या प्रवासात मुक्तीची कल्पना कोठे गळून पडली हाच ह्या शब्दाविषयीचा खरा प्रश्न आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘लीबर’ म्हणजे स्वतंत्र, बंधनात नसलेला, ह्या विशेषणात आहे. त्यापासून ‘लीबेरारे’ म्हणजे मुक्त करणे हे क्रियापद, आणि त्यास ‘पासून दूर’ अशा अर्थाचा ‘दे’ हा उपसर्ग लागून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘देलीबेरारे’ हे रूप झाले. (अभिजात लॅटिनमधील ‘देलीबेरारे’ हे रूप दिसावयास असेच असले तरी ते तराजूवाचक शब्दापासून आलेले मानतात व त्याचा अर्थ तोलून पाहणे, विचारविनिमय करणे असा आहे, दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.) जुन्या फ्रेंचमधून हे क्रियापद तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उतरले. म्हणजे उपसर्गासह आलेला हा शब्द आपले अपादान जणू अंगावरच वागवीत आला होता. ऐतिहासिक क्रमाने अर्थ मांडणाऱ्या ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात, ज्याचा हा भाग जेम्स मरी ह्यांच्या संपादनाखाली तयार होऊन १८९७ साली पुऱ्या झालेल्या तिसऱ्या खंडात आला, मुक्त करण्याचा अर्थ पहिला आहे तो ह्यामुळेच.

मग देण्याचा अर्थ आला कोठून? ह्याचे उत्तर इंग्लंडच्या राजदरबारातील दप्तरांत मिळते. तेराव्या शतकापासूनच्या ज्या गुंडाळ्या ‘लिबरेट रोल्स’ ह्या नावाने ओळखल्या जातात, त्यांत राजाने खजिन्यातून अमुक रक्कम अमक्यास द्यावी अशा आज्ञा नोंदलेल्या आहेत. त्या आज्ञांतील ‘लीबेराते’ ह्या लॅटिन आज्ञार्थी रूपावरून दप्तरास हे नाव पडले. शब्दशः पाहिले तर ‘मोकळे करा’. आशय मात्र ‘अदा करा’. खजिन्यात अडकून असलेले द्रव्य सुटते आणि सुटता सुटताच दुसऱ्याच्या हाती जाते. मराठीत ‘रक्कम मोकळी केली’ असे आपण म्हणतो तेव्हा हीच कल्पना आपल्याही मनात असते. रक्कम काही स्वतंत्र होऊन हिंडू लागत नाही. वस्तूच्या बाबतीत सुटणे म्हणजे हात बदलणे, एवढाच अर्थ उरतो. अर्थांतराचे बीज येथे आहे, आणि ते वस्तूंच्या बाबतीत निरुपद्रवी असले तरी माणसांच्या बाबतीत तसे नाही. सरदारांनी आपल्या चाकरांस वर्षासनादाखल जे कपडे द्यावयाचे त्यांस ‘लिव्हरी’ म्हणत, तोही शब्द ह्याच कुळातला. मुक्तीच्या धातूपासून चाकरीचा गणवेश निघावा, ही भाषेची थट्टा खरी.

फ्रेंच भाषेने पुढे ह्या दोन टोकांची बहुतांशी वाटणी करून टाकली. ‘लिव्रे’ म्हणजे माल पोचवणे, हवाली करणे. ‘देलिव्रे’ म्हणजे प्रामुख्याने सोडवणे, जरी दाखला किंवा परवाना देण्याच्या कचेरीतील अर्थाने तेही वापरले जाते. इंग्रजीत अशी वाटणी झाली नाही. तेथे एकच शब्द दोन्ही टोके धरून राहिला, आणि केवळ मुक्तीच्या अर्थासाठी सतराव्या शतकात ‘लिबरेट’ हे क्रियापद लॅटिनमधून नव्याने उचलावे लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात सैनिकांनी त्याचीही गत मूळ शब्दासारखीच केली : एखाद्या फ्रेंच तळघरातील मद्याची बाटली लांबवली की ती ‘लिबरेट’ केली असे ते विनोदाने म्हणू लागले.

इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेतील एक संज्ञा ह्या संदर्भात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. फिरत्या न्यायाधीशांना ज्या सनदा दिल्या जात, त्यांत एक ‘जेल डिलिव्हरी’ची असे. तिचा अर्थ असा की न्यायाधीशाने त्या गावी जाऊन तेथील तुरुंगात असलेल्या कैद्यांचे खटले चालवावेत व तुरुंग रिकामा करावा. नुसते शब्द पाहणारास वाटेल की ही कैद्यांच्या मुक्ततेची सनद आहे. वस्तुतः निर्दोष ठरलेला दाराबाहेर पडे आणि दोषी ठरलेला फासावर जाई. सनदेचे काम दोन्ही प्रकारांनी सारखेच पार पडे. कारण ‘डिलिव्हर’ व्हावयाचा तो कैदी नव्हे, तुरुंग. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर येथे अपादानच कर्म होऊन बसले आहे : ज्याच्यातून काही बाहेर काढावयाचे ते पात्र मोकळे होते, आणि आतून जे बाहेर पडले त्याचे पुढे काय झाले ह्याविषयी क्रियापद काहीच बोलत नाही. ही सनद इंग्रजांनी हिंदुस्थानातही आणली. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाच्या १७७४ च्या सनदेत त्या न्यायालयास हा अधिकार दिलेला आहे. खुद्द इंग्लंडात फिरत्या न्यायालयांची ही जुनी पद्धती १९७१ च्या कायद्याने संपुष्टात आली.

आता स्त्रीच्या प्रसूतीविषयीचा जुना इंग्रजी प्रयोग ह्याच्या शेजारी ठेवून पाहावा. ‘अमुक स्त्री मुलापासून डिलिव्हर झाली’ अशी त्या प्रयोगाची घडण आहे. तुरुंग कैद्यांपासून मोकळा झाला आणि स्त्री मुलापासून मोकळी झाली, ह्या दोन वाक्यांची रचना एकच. येथेही भार वाहणारे पात्र मोकळे होते. फरक इतकाच की ह्या ठिकाणी पात्र हे माणूस आहे व मोकळे होण्याचा अनुभव त्याचा स्वतःचा आहे. प्राणावर बेतलेल्या प्रसंगातून सुटल्याचा भाव त्या काळच्या बायकांच्या बाबतीत अलंकारिक नव्हता.

१६११ हे वर्ष ह्या शब्दाच्या अभ्यासकास विशेष सोयीचे आहे. ह्या वर्षी जेम्स राजाच्या आज्ञेने झालेले बायबलचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि ह्याच वर्षाच्या मे महिन्यात शेक्सपिअरचे ‘द विंटर्स टेल’ ग्लोब नाट्यगृहात झाल्याची नोंद सायमन फोरमन ह्या समकालीन प्रेक्षकाने करून ठेवली आहे. दोन्ही ग्रंथांत ‘डिलिव्हर’ची दोन्ही टोके जागी आहेत, पण ती वागवण्याच्या रीती वेगळ्या आहेत.

बायबलच्या भाषांतरकारांना मूळातील निरनिराळ्या धातूंसाठी हा एकच इंग्रजी शब्द पुरला. ‘शास्ते’ ह्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात चौदाव्या वचनात कोपलेला परमेश्वर इस्राएल लोकांना लुटारूंच्या हाती देतो, आणि सोळाव्या वचनात त्याने उभे केलेले शास्ते त्यांना लुटारूंच्या हातून सोडवतात. हिब्रूमध्ये पहिल्या ठिकाणी ‘देणे’ ह्या अर्थाचा धातू आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘तारणे’ ह्या अर्थाचा. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘डिलिव्हर’. फरक दाखवण्याचे सगळे काम दोन लहानशा शब्दयोगी अव्ययांवर येऊन पडले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रसंग ह्याहून बोलका आहे. सत्ताविसाव्या अध्यायात पिलात बरब्बास सोडतो आणि येशूस वधस्तंभासाठी देतो. एकाच वचनात दोन कैदी, दोघांचीही पिलाताच्या कोठडीतून सुटका. पण जो खरोखर सुटला त्याच्यासाठी ‘रिलीज’, आणि जो मरणाकडे गेला त्याच्यासाठी ‘डिलिव्हर’. त्याच ग्रंथात सहाव्या अध्यायातील प्रार्थनेत माणसे देवाजवळ वाइटापासून सोडवण्याचे मागणे मागतात तेव्हाही शब्द ‘डिलिव्हर’च. इंग्रजी वाचकाच्या कानाला ह्या दोहोंत काही संबंध जाणवत असला पाहिजे. मूळ ग्रीकमध्ये मात्र तो नाही, कारण तेथेही धातू निराळे आहेत. म्हणजे हा अर्थसंबंध भाषांतराने निर्माण केलेला आहे. तो अनवधानाने झाला असला तरी इंग्रजी धर्मवाङ्मयाच्या परंपरेत त्याचे परिणाम दूरवर गेले असणे संभवते.

शेक्सपिअरच्या नाटकात अनवधानाला वाव नाही. कथानकाचा आरंभ सर्वश्रुत आहे. सिसिलीचा राजा लिऑन्टीझ निष्कारण संशयाने आपल्या गरोदर राणीला, हर्मायनीला, कैदेत टाकतो. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात पॉलिना ही मानी व फटकळ स्त्री तुरुंगाच्या दाराशी येते. राणीची भेट तिला मिळत नाही. एमिलिया ह्या दासीशी तेवढे बोलू दिले जाते. राणीची प्रकृती कशी आहे ह्या प्रश्नाला एमिलिया उत्तर देते की दुःखाच्या व भीतीच्या धक्क्याने ती दिवस भरण्याच्या काहीशी आधीच ‘डिलिव्हर’ झाली. तुरुंगात उच्चारलेला हा शब्द आहे, आणि जिच्याविषयी तो उच्चारला ती अजून तुरुंगातच आहे.

हा त्या काळचा रूढ प्रयोग होता, त्यात एवढे काय पाहावयाचे, असा आक्षेप येथे घेता येईल. प्रयोग रूढ होता हे खरेच. परंतु प्रवेशाचा पुढील सगळा भाग ह्या रूढ शब्दातील निद्रिस्त अर्थ जागा करण्यात खर्ची पडला आहे. प्रथम राणीचे म्हणणे कळते : आपल्या तान्ह्या मुलीला ती ‘बिचारी कैदीण’ म्हणून कुरवाळते. मग पॉलिना त्या मुलीला राजापुढे नेऊन ठेवण्याचा बेत सांगते, आणि तेथे तुरुंगाधिकाऱ्याला शंका येते की हाती परवाना नसता मूल बाहेर जाऊ दिले तर आपल्यावर काय प्रसंग येईल. शंका विनोदी वाटते, पण कायद्याने ती रास्त आहे. तुरुंगातून जे बाहेर पडावयाचे ते अधिकारपत्राने पडले पाहिजे. ‘जेल डिलिव्हरी’ला सनद लागते. पॉलिनाचे उत्तर तिच्या कडव्या बुद्धीला साजेसे आहे. ती दयेची भाषा बोलत नाही, कायद्याचीच बोलते. हे मूल बंदिवान होते ते गर्भाशयाचे, आणि तेथून निसर्गाच्या कायद्याने व रीतसर प्रक्रियेने ते मुक्त झालेले आहे. राजाच्या कोपात ते भागीदार नाही, आणि राणीचा काही अपराध असलाच तर त्यातही नाही. म्हणजे सनद आहे, फक्त ती राजाने दिलेली नाही.

पॉलिनाच्या ह्या युक्तिवादाने ‘डिलिव्हर’चे कर्म बदलते. एमिलियाच्या वाक्यात मोकळी झाली होती आई. पॉलिनाच्या वाक्यात मुक्त झाली आहे मुलगी. आई ज्या क्षणी गर्भाच्या भारातून सुटली त्याच क्षणी मूल गर्भाच्या कैदेतून सुटले, हे दोन्ही खरे. पण तुरुंगाच्या दाराबाहेर पडते ती एकटी मुलगी. आईसाठी शब्द वापरला गेला, सुटका मुलीच्या वाट्याला आली. नाटकाचा आधार असलेली रॉबर्ट ग्रीनची ‘पँडोस्टो’ ही १५८८ मधील कथा पाहिली असता हे योजनापूर्वक घडवलेले आहे ह्याविषयी शंका राहत नाही. तीतही राणी तुरुंगातच प्रसूत होते. पण तीत पॉलिना हे पात्रच नाही. ती शेक्सपिअरची स्वतःची निर्मिती आहे, आणि तिच्याबरोबरच मुक्ततेविषयीचा हा वाद नाटकात आला आहे.

तिसऱ्या अंकातील न्यायसभेत हाच शब्द दुसऱ्या टोकाने परत येतो. बाळंतपणाची विश्रांतीही न मिळालेली राणी आरोपी म्हणून उभी आहे. अपोलोच्या देवस्थानाहून कौल घेऊन आलेल्या दोघा सरदारांना शपथ घालण्यात येते की हा मोहरबंद कौल पुजाऱ्याच्या हातून तुम्हांस ‘डिलिव्हर’ झालेला आहे व तुम्ही त्याची मोहोर तोडलेली नाही. दस्तऐवज सही करून, मोहोर करून हवाली केला की तो पक्का झाला, ही इंग्रजी कायद्यातील त्रिपदी येथे प्रेक्षकांच्या कानात वाजल्याशिवाय राहिली नसेल. मोहोर फोडली जाते. राणी निर्दोष आहे असा कौल निघतो. आणि राजा तो खोटा ठरवतो. कागद रीतसर पोचता झाला, पण ज्या कामासाठी तो आला ते काम, राणीची मुक्तता, झाले नाही. संप्रदान पुरे झाले, अपादान तसेच राहिले.

पाचव्या अंकात शब्द आणखी दोनदा येतो व दोन्ही वेळा कथनाच्या अर्थाने. सोळा वर्षांपूर्वी टाकून दिलेली मुलगी, पर्डिटा, सापडल्याचा आणि पितापुत्रीच्या भेटीचा प्रसंग शेक्सपिअरने रंगमंचावर दाखवलेला नाही. तो काही गृहस्थांच्या बोलण्यातून कळतो. म्हाताऱ्या मेंढपाळाने ते मूल कसे सापडले ही हकीकत ‘डिलिव्हर’ केली असे त्यांतला एक सांगतो, आणि आपण स्वतः जे सांगत आहोत ती ‘डिलिव्हरी’ तुटक आहे अशी कबुलीही देतो. मनात साठलेले शब्द मोकळे करणे ही कल्पना ह्या अर्थाच्या मुळाशी आहे. नाटककाराने एवढा मोठा भेटीचा प्रसंग निवेदनावर का सोपवला ही टीकाकारांची जुनी तक्रार आहे. ह्या शब्दाच्या बाजूने पाहता निदान एवढे म्हणता येते की पर्डिटेची गोष्ट जन्माच्या वेळी एका निरोपातून कळली आणि पुनर्भेटीच्या वेळीही निरोपातूनच कळली. दोन्ही वेळा निरोप्याच्या तोंडी शब्द तोच आहे. तक्रार त्याने पूर्णपणे फिटते असे मात्र नाही.

राणीचे काय? पुतळ्याच्या मिषाने सोळा वर्षे लपून राहिलेली हर्मायनी अखेरच्या प्रवेशात चालू लागते, तेव्हा पॉलिनेच्या तोंडी ‘डिलिव्हर’ नाही. तेथे ‘रिडीम’ आहे, मोल देऊन परत सोडवून घेणे ह्या अर्थाचे क्रियापद. मृत्यूकडे गहाण पडलेली राणी जीवनाने सोडवून घेतली. नाटकाच्या आरंभी फुकट उच्चारला गेलेला सुटकेचा शब्द शेवटी टाळला गेला आहे, आणि त्याच्या जागी किंमत मोजल्याची जाणीव देणारा शब्द आला आहे. ही निवड अतिशय मार्मिक आहे.

शेक्सपिअरनंतरच्या काळात ‘डिलिव्हर’चे अपादान उत्तरोत्तर क्षीण होत गेले. प्रार्थनेत व धर्मग्रंथांत ते टिकले, व्यापारात नाही. भारतातील १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यात ‘डिलिव्हरी’ची व्याख्या एका व्यक्तीकडून दुसरीकडे स्वेच्छेने केलेले ताब्याचे हस्तांतर अशी आहे, मुक्तीचा तीत लवलेशही नाही, आणि असण्याचे कारणही नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाज चेंडू ‘डिलिव्हर’ करतो तेव्हा मात्र हातातून सुटण्याचा मूळ भाव अजून जिवंत आहे, कारण तेथे नियमांतही चेंडू हातून सुटण्याच्या क्षणाला महत्त्व असते. राजकारणी पुरुषाने ‘डिलिव्हर’ केले पाहिजे असे आज कर्मावाचूनच म्हटले जाते. काय, कशातून आणि कोणाला, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अध्याहृत. प्रसूतीच्या प्रयोगातही बदल झाला. आता डॉक्टर मूल ‘डिलिव्हर’ करतात, किंवा आई मूल ‘डिलिव्हर’ करते. पहिल्या वाक्यात आई वाक्याबाहेर गेली आहे. दुसऱ्यात ती कर्तेपदी आली आहे, आणि हा लाभ कमी लेखण्याचे कारण नाही, कारण जुन्या कर्मणी प्रयोगात तिच्या श्रमाला जागा नव्हती. परंतु दोन्ही वाक्यांत मूल हे पोचते करावयाचे कर्म झाले आणि सुटल्याचा भाव दोन्हींतून गेला.

मराठीशी ह्या शब्दाचा संबंध येतो तो येथे. मराठी प्रसूतीकडे जुन्या इंग्रजीच्याच डोळ्यांनी पाहत आली आहे, आणि तेही इंग्रजीचा वारा लागण्यापूर्वीपासून. कळा लागूनही मूल बाहेर येत नसले की बाई ‘अडली’. आले की ‘सुटली’, ‘मोकळी झाली’, तिची ‘सुटका झाली’. ह्या दोन क्रियापदांत सूक्ष्म भेद आहे. ‘सुटणे’ कैद्याचे, ‘मोकळे होणे’ पात्राचे किंवा घराचे. ‘मोकळा’ ह्या एका विशेषणात रिकामा आणि बंधनरहित हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. इंग्रजीला जे साधावयास ‘जेल डिलिव्हरी’ची सनद लागली ते मराठी बाई ओसरीवर बसून एका शब्दात सांगत असे. आता शहरांत आणि खेड्यांतही ‘डिलिव्हरी’ हा शब्द सर्रास रूढ झाला आहे. त्याविषयी नाके मुरडण्यापूर्वी एक गोष्ट पाहावयास हवी : मराठीने तो आपल्या विभक्तीत घातला आहे. ‘तिची डिलिव्हरी झाली’ असे आपण म्हणतो. षष्ठी आईची आहे, मुलाची नव्हे. इंग्रजीने जे सोडून दिले ते मराठीने उसन्या शब्दात का होईना जपले आहे. ‘डॉक्टरांनी डिलिव्हरी केली’ हे वाक्य जेथे रूढ होते तेथे मात्र आईचा तोही ताबा सुटतो.

मराठी शब्दही निर्दोष आहे असे समजण्याचे कारण नाही. ‘सोडवणे’ आणि ‘सोडणे’ ह्यांत एका अक्षराचे अंतर आहे. ‘सोडवणे’ बंधनातून बाहेर आणते. ‘सोडणे’ त्यासाठीही चालते आणि टाकून देण्यासाठीही. नवऱ्याने सोडलेल्या बाईस कोणी मुक्त झालेली म्हणत नाही. पर्डिटेची सगळी कथा मराठीत ह्या एकाच धातूवर सांगता येते : गर्भातून सुटली, तुरुंगातून सुटली आणि राजाच्या आज्ञेने परक्या किनाऱ्यावर सोडून देण्यात आली. इंग्रजीत शेवटच्या क्रियेसाठी वेगळा शब्द घ्यावा लागतो. त्याच्या उलट, सोडवणे व हवाली करणे ह्यांसाठी मराठीस दोन निराळे धातू असल्यामुळे ‘शास्ते’मधील किंवा मत्तयामधील इंग्रजी संदिग्धता मराठीत उतरूच शकत नाही, आणि मूळाच्या दृष्टीने पाहता मराठी भाषांतर तेथे अधिक प्रामाणिक ठरते. कोशकारांनी ‘डिलिव्हर’खाली नुसते प्रतिशब्द न देता ‘-तून, -पासून’ आणि ‘-ला, -कडे’ असे दोन गट पाडले, व ‘पात्र मोकळे करणे’ हा तिसरा गट स्वतंत्र दाखवला, तर विद्यार्थ्यास ह्या सगळ्याचा निदान धागा तरी हाती येईल.

एमिलियाच्या वाक्याचे मराठी काय करावे, हा प्रश्न भाषांतरकारापुढे उरतोच. ‘राणीसाहेब प्रसूत झाल्या’ हे दरबारी आहे, पण त्यात सुटकेचा मागमूस नाही. ‘बाळंत झाल्या’ हे घरगुती व स्वाभाविक आहे, पण तेही एक अवस्था सांगते, क्रिया नव्हे. ‘डिलिव्हरी झाली’ हे सिसिलीच्या तुरुंगात बोलता येणार नाही. आजच्या ह्या शब्दाबरोबर इस्पितळाचा वास येतो. ‘मोकळ्या झाल्या’ हे त्याहून जवळचे आहे, फक्त दासीच्या तोंडी ते जरा सलगीचे वाटते. राहता राहिले ‘दिवस भरण्याआधीच राणीसाहेबांची सुटका झाली’. तुरुंगाच्या दाराशी उभ्या असलेल्या पॉलिनेने हे शब्द ऐकावेत, आणि क्षणभर तिला वाटावे की बेड्या निघाल्या, हा परिणाम मूळ इंग्रजीपेक्षाही मराठीत अधिक धारदार होतो. अडचण एकच आहे : ‘सुटका’ म्हणजे बाळंतपण हे आजच्या तरुण प्रेक्षकाला कानावरून ठाऊक असेल असे धरून चालता येत नाही, आणि ठाऊक नसेल तर त्याच्यापुरता श्लेष नाहीसा होऊन नुसती चुकीची बातमी उरेल. परंतु पॉलिनेचा पुढचाच प्रश्न ‘मुलगा का?’ असा आहे. तेव्हा गैरसमज झालाच तर तो एका ओळीपुरताच टिकेल.